नरसाळं, तुषार संचाचा पाइप आणि गार हवा

मे महिन्यात किनवटहून माहूरला निघालेली छोटी पेट्रोल गाडी डोळ्यांसमोर आणा. आत पाच माणसं, एकाच्या मांडीवर पोर, डिकीत खणानारळाची पिशवी. सपाट रस्त्यावर गाडीची काही कुरकुर नसते. गडाचा चढ लागला की मात्र दुसऱ्या गिअरवर पाय पुरता दाबूनही ती ओढत नाही. मग मागून कोणीतरी म्हणतं, "एसी बंद कर रे, चढू दे तिला." एसी बंद होतो, काचा खाली येतात आणि घामाघूम होत सगळे रेणुकामातेच्या देवळाच्या पायथ्याशी पोचतात. जानेवारीत हीच गाडी हाच चढ एवढी रडत नाही. गाडी तीच, माणसंही तीच. बदललेली असते ती हवा.

इंजिन पेट्रोलवर चालतं असं आपण म्हणतो, पण वजनाने पाहिलं तर ते एक भाग पेट्रोलला जवळजवळ पंधरा भाग हवा पितं. सिलिंडरची जागा ठरलेली असते. ती गरम, विरळ हवेने भरली तर आत जाणाऱ्या हवेचं वजन घटतं, आणि हवा कमी म्हणून इंजिनाचा संगणक पेट्रोलही कमी सोडतो. समुद्रसपाटीच्या दाबाला २५ अंश सेल्सिअसची एक घनमीटर हवा साधारण १.१८ किलो भरते. ४५ अंशाला ती १.११ किलो होते आणि ६५ अंशाला १.०४. आमच्याकडच्या उन्हाळ्यात बाहेरचेच ४३-४४ अंश असतात. त्यात एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर ओलांडून मागे आलेली हवा इंजिनाने ओढली, तर ६५ अंश म्हणजे काही फार नव्हे. शिवाय हवा फार तापली की इंजिनात ठोके पडू नयेत म्हणून संगणक ठिणगीची वेळही मागे सरकवतो. म्हणजे ताकद दोन्हीकडून कापली जाते.

म्हणून बॉनेटखालची तापलेली हवा न घेता बाहेरची हवा थेट इंजिनापर्यंत आणायची, एवढाच 'कोल्ड एअर इनटेक'चा अर्थ. मोठ्या शहरांत चकचकीत पाइप, लाल फिल्टर आणि स्टिकर मिळून याचे तयार संच हजारोंना विकले जातात. घरच्या घरी चार-पाचशे रुपयांत ते काम होतं. मी केलं आहे. आधी एकदा चुकीचं केलं होतं, म्हणून चुकीपासूनच सुरुवात करतो.

काही वर्षांपूर्वी ओळखीतल्या एका मिस्तरीने बॉनेट उघडलं आणि एअर फिल्टरच्या काळ्या डब्यावर बोट ठेवून म्हणाला, "सर, हे डबडं काहून ठेवता? फेका. कोन लावतो, घोड्यावानी पळते मंग." कोन म्हणजे शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर. लावला. दोन दिवस फार आनंदात गेले. पाय दाबला की 'घूं' असा भरदार आवाज यायचा आणि वाटायचं, गाडी काय सुटली आहे! खरं तर फक्त आवाज सुटला होता. कंपनीच्या डब्यात आवाज गिळणारे कप्पे असतात, ते आम्ही भंगारात घातले होते. तो कोन इंजिनाच्या कुशीत, रेडिएटरच्या मागे उघडा बसला होता. म्हणजे गार हवेच्या नावाने मी इंजिनाला बॉनेटखालची सगळ्यात गरम हवा पाजत होतो.

याहून वाईट गोष्ट तीन महिन्यांनी कळली. पाइप काढून फिल्टरच्या पलीकडच्या, म्हणजे इंजिनाकडच्या बाजूने पांढरा रुमाल आतून फिरवला, तर त्यावर तांबूस पीठ आलं. आमच्या भागातले रस्ते सतत कुठे ना कुठे उकरलेले असतात. पुढे मुरमाचा टिप्पर, मागे आपण. त्या धुळीतला बारीक वाळूचा कण सिलिंडर आणि रिंग यांच्यामध्ये पॉलिश पेपरसारखा फिरतो. मग इंजिन ऑइल पिऊ लागतं आणि मागून निळा धूर निघतो. चार टक्के ताकदीच्या आशेने इंजिनाचं अर्धं आयुष्य देण्याचा हा व्यवहार मी त्याच दिवशी मोडला आणि कंपनीचा डबा भंगारातून शोधून परत बसवला.

तेव्हापासून माझा एकच नियम आहे: फिल्टरच्या डब्याच्या अलीकडे, धुळीच्या बाजूला, काय हवे ते प्रयोग करा, पण डबा, त्यातला कागदी फिल्टर आणि डब्यापासून इंजिनापर्यंतचा पाइप यांना हात लावायचा नाही. अलीकडच्या कामात चूक झाली तर फार तर फायदा होणार नाही. पलीकडे चूक झाली तर इंजिन जातं. त्या पलीकडच्या पाइपाला इंजिनाच्या श्वासाची एक बारीक नळीही जोडलेली असते. कोन लावताना कित्येकदा ती तशीच उघडी सोडतात आणि मग धूळ थेट ऑइलच्या खोलीत उतरते.

हे पटत नसेल तर शेतात उभ्या ट्रॅक्टरकडे बघा. बॉनेटच्या वर छत्रीसारखं डोकं काढून उभं असलेलं नळकांडं म्हणजे त्याचं हवा घेण्याचं तोंडच. ते उंच आहे, कारण नांगरटीची धूळ खाली जास्त असते; आणि इंजिनाच्या उष्णतेपासून लांब आहे. आत हवा गोल फिरवून जाड धूळ बाहेर फेकली जाते आणि मग हवा फिल्टरकडे जाते. गार, कोरडी आणि स्वच्छ हवा कशी घ्यायची याचा उत्तम नमुना प्रत्येक गावात पन्नास ठिकाणी उभा आहे. ट्रॅक्टरवाल्याला कोणी कोन लावायला सांगत नाही.

कामाला लागण्याआधी आपली गाडी आत्ता श्वास कुठून घेते ते पाहा. हे फार जण पाहतच नाहीत. बहुतेक गाड्यांत कंपनीनेच डब्याला एक प्लॅस्टिकची सोंड दिलेली असते. ती रेडिएटरच्या वरून किंवा हेडलाइटच्या मागून बाहेरची हवा घेते. म्हणजे गार हवेची सोय मुळातच असते. गंमत अशी, की तालुक्याच्या गावात फिरणाऱ्या जुन्या, अनेक हातांतून गेलेल्या गाड्यांत ही सोंड बऱ्याचदा नसतेच. रेडिएटर काढताना ती आडवी येते. एकदा काढली की कोपऱ्यात पडते, एक क्लिप तुटते आणि "नसली तरी चालते" म्हणून गाडी तशीच मालकाच्या हाती जाते. माझ्या आत्ताच्या गाडीचं हेच झालं होतं. ही गाडी मी वापरलेली घेतली. एका एसी दुरुस्तीनंतर तिची सोंड कुठेतरी राहिली आणि डब्याचं तोंड रेडिएटरच्या पंख्याच्या मागे उघडं पडलं. दोन उन्हाळे मी एसीच्या कॉम्प्रेसरला दोष देत होतो.

तुमच्या गाडीची मूळ सोंड शाबूत असेल आणि तिचं तोंड रेडिएटरच्या पुढे असेल, तर तुमचं काम झालेलंच आहे. फिल्टर बदला, सोंडेचे जोड घट्ट करा, आणि हा लेख पुढे वाचायचाच असेल तर मजा म्हणून वाचा. सोंड तुटली असेल तर सुट्या भागांच्या दुकानात किंवा भंगारात मूळ भाग मिळतो का ते आधी विचारा. घरी बनवलेल्यापेक्षा तो नेहमी चांगला. तो मिळत नसेल, किंवा डब्याचं तोंड कंपनीनेच गरम जागी ठेवलेलं असेल, तर मात्र बाह्या सरसावा.

अंदाजाने काम करू नका, मोजा. फ्रिज दुरुस्तीवाल्यांकडे लांब तारेचं छोटं डिजिटल थर्मामीटर शे-दीडशे रुपयांना मिळतं. त्याचं टोक डब्याच्या तोंडाशी केबल टायने बांधा, तार बॉनेटच्या कडेने काढून खिडकीतून आत घ्या. ज्यांच्या गाडीत ओबीडी, म्हणजे इंजिनाच्या संगणकातले आकडे वाचायची जोडणी, आहे त्यांना डोंगल लावून मोबाइलवर आत जाणाऱ्या हवेचं तापमान दिसू शकतं. आकडे शेजारी बसलेल्याने वाचायचे, चालवणाऱ्याने नव्हे. दुपारची तीच वेळ आणि तोच रस्ता ठेवा. मी किनवट ते इस्लापूर रस्त्यावर मोजलं. बाहेर ४२ असताना चालत्या गाडीत डब्याच्या तोंडाशी ५८ अंश होते, आणि रेल्वे फाटकावर पाच मिनिटं उभं राहिलं की सत्तरच्या पुढे. बाहेरच्या आणि डब्याच्या तोंडाच्या तापमानात पाच-सहा अंशांचाच फरक निघाला, तर पुढची खटपट वाया जाईल.

आता पाइप किती जाड घ्यायचा? अंदाजे हिशेब सोपा आहे. १२०० सीसीचं चार स्ट्रोक इंजिन मिनिटाला ६००० फेऱ्यांवर ओरडत असेल तर दर दोन फेऱ्यांत एकदा पोट भरतं. म्हणजे मिनिटाला ३६०० लिटर. भरण्यातली तूट धरली तर ३००० लिटर, म्हणजेच सेकंदाला ५० लिटर. आतून ५० मिमी रुंद पाइपातून एवढी हवा काढायची तर तिला सेकंदाला २५ मीटर धावावं लागतं. आतून ५८ मिमी असेल तर १९ मीटर पुरतात, ७० मिमी असेल तर १३. वेग दुप्पट झाला की अडथळा चौपट होतो. म्हणून दोन इंची पाइप घेऊ नका. डब्याच्या तोंडाएवढा किंवा त्याहून थोडा मोठा घ्या. फार मोठा घेऊनही उपयोग नाही. जागा अडते, आणि डब्याचं तोंड आहे तेवढंच राहतं.

आणि इथे आमच्या भागाचं नशीब उघडतं. ६३ आणि ७५ मिमीचा काळा एचडीपीई पाइप, म्हणजे तुषार संचाचा पाइप, आमच्याकडे बांधाबांधावर पडलेला असतो. बैलगाडीखाली किंवा ट्रॅक्टरखाली येऊन टोक चेपलेला एखादा पाइप कुठल्याही शेतकऱ्याच्या गोठ्यामागे सापडतोच. हातभर तुकडा मागितला तर कोणी पैसे घेत नाही. हे माप बाहेरचं असतं, आतून तो चार-सहा मिमी कमी भरतो. एचडीपीई ऊन, थरथर आणि गरमी सहन करतं. घरातला पांढरा किंवा राखाडी पीव्हीसी पाइप ८० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतो, म्हणून इंजिनाजवळ तो नको. मोटारपंपाला लावतात तो हिरवा, कड्याकड्यांचा सक्शन पाइप वाकवायला सोयीचा. आतल्या कड्यामुळे तो ओढीने चपटा होत नाही. पण तोही पीव्हीसीच, तेव्हा रेडिएटरच्या पुढच्या भागापुरताच वापरा. काही जण स्वयंपाकघरातल्या चिमणीचा चांदीसारखा पाइप वापरतात. दिसतो छान, पण आमच्या रस्त्यांवर एका हंगामात त्याच्या घड्या फाटतात.

पाइपाचं उघडं तोंड तसंच ठेवू नका. धारदार कडेशी हवा अडखळते. तिला आत वळायला गोलाई लागते. रेसिंगच्या गाड्यांना यासाठी तुतारीसारखं तोंड देतात. आपण नरसाळं घेऊ. डिझेल ओतायचं मोठं प्लॅस्टिकचं नरसाळं हार्डवेअरच्या दुकानात साठ-सत्तर रुपयांना मिळतं. त्याची निमुळती नळी जिथे पाइपाच्या मापाची होते तिथे हॅक्सॉने कापा, कड कानशीने घासा आणि पाइपात घट्ट बसवा. नरसाळ्याचा दुसरा उपयोग जाळीसाठी. पाइपाच्या बारीक तोंडावर जाळी लावली तर वाटच अडते, पण रुंद तोंडावर लावली तर पुरेशी जागा उरते. जाळी लोखंडी तारेची, करंगळीचं टोक जाणार नाही एवढ्या भोकांची घ्या. डासांची जाळी लावू नका. ती आठवड्यात बुजते. जाळीचं काम धूळ अडवायचं नाही, ते फिल्टरचं. जाळीने पानं, टोळ आणि उंदीर अडवायचे. उंदीर हा विनोद नाही. उभ्या गाडीच्या डब्यात मी शेंगांच्या टरफलांचं आख्खं घर पाहिलं आहे.

तोंड कुठे ठेवायचं, हा खरा निर्णय. रेडिएटरच्या बाजूला किंवा वरच्या पट्टीच्या पुढे, हेडलाइटच्या मागची, त्याच्या वरच्या कडेएवढी उंच मोकळी जागा उत्तम. बंपरमधल्या फॉगलाइटच्या भोकात पाइप उतरवण्याचा मोह अनेकांना होतो, कारण तिथे हवा थेट येते. तो मोह टाळा. पावसाळ्याबद्दल पुढे सांगतो. हवा थेट तोंडावर आपटली की इंजिनात दाबाने भरली जाते, ही समजूतही सोडून द्या. ताशी ८० किलोमीटरला त्या आपटण्याचा दाब वातावरणाच्या दाबाच्या पाव टक्क्याच्या आसपास भरतो. तोंड हवेसमोर नसलं तरी चालेल. ते गरम हवेच्या बाहेर असलं पाहिजे. पाइपाने रेडिएटर किंवा कंडेन्सरची जाळी झाकू नका. इंजिन तापलं तर गार हवेचं सगळं पुण्य वाया जाईल.

डब्याला भोक पाडायचं नाही. आहे त्या तोंडावरच पाइप जोडायचा. इंजिन चालू असताना हलतं. काही गाड्यांत डबा इंजिनाला जोडलेला असतो, काहींत बॉडीला. दोन हलणाऱ्या गोष्टी कडक पाइपाने बांधल्या तर डब्याचं प्लॅस्टिक तडकतं. मध्ये वीतभर रबर हवंच. पंक्चरवाल्याकडून मोटारसायकलच्या किंवा मोठ्या टायरच्या जुन्या ट्यूबचा पाइपाला घट्ट बसेल असा तुकडा कापून आणा. तो आतून-बाहेरून पुसा, उलटा करून पाइपावर चढवा आणि मग डब्याच्या तोंडावर उलगडा. दोन्हीकडे होज क्लिप आवळा, पण हात आखडता ठेवा. प्लॅस्टिकवर क्लिप गरजेपेक्षा जास्त आवळली की तोंड अंडाकृती होतं. फिल्टरच्या अलीकडे ओढ फार नसते, त्यामुळे रबराचा एवढा तुकडा आत दबत नाही. मधल्या पाइपाला बॉडीवर एक आधार द्या. पत्र्याची पट्टी आणि खाली रबराचा तुकडा, म्हणजे खडखड होणार नाही. वळण हवंच असेल तर कोपरा नको, लांब वळसा हवा. दोन काटकोनांपेक्षा एक मोठा वळसा बरा. पंखा, बेल्ट, वायरिंग आणि सायलेन्सरचा मॅनिफोल्ड यांच्यापासून चार बोटं अंतर राखा. बॉनेट बंद होतं का हे कसं पाहायचं? पाइपाच्या सगळ्यात उंच भागावर कणकेचा लिंबाएवढा गोळा ठेवा, बॉनेट बंद करून उघडा. कणीक पार चपटी झाली तर पाइप बॉनेटला भिडतो आहे.

डब्याच्या आणि इंजिनाच्या मध्ये पत्र्याचा आडोसा केला तर फायदा वाढतो. १५ किलोच्या तेलाच्या डब्याचा पत्रा कापा, कडा दुमडा आणि त्यावर रबरी पट्टी चढवा, नाहीतर पुढच्या वेळी ऑइल बघताना बोट जाईल. इंजिनाकडच्या बाजूला चकचकीत फॉइल टेप लावा, आणि पत्रा व डबा यांच्यात बोटभर मोकळी हवा सोडा. बॅटरी जवळ असेल तर पत्रा टर्मिनलला कधीच लागणार नाही असा पक्का बसवा. ठिणगी पडली तर गार हवेचा लेख कोणी वाचत बसणार नाही.

काम झालं की इंजिन चालू करून जळती उदबत्ती जोडांजवळ फिरवा. पेट्रोलचा वास येत असेल तर मात्र उदबत्ती पेटवूच नका, आधी गळती काढा. नरसाळ्याशी धूर आत वळला पाहिजे. डब्याच्या झाकणाच्या फटीत वळला तर क्लिप नीट बसलेली नाही. पंधरवड्याने पांढऱ्या रुमालाची परीक्षा पुन्हा घ्या, फिल्टरच्या पलीकडे. रुमाल पांढराच राहिला पाहिजे. आणि फिल्टर टायरवाल्याच्या हवेने जोरात झाडू नका. कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात. आमच्या धुळीत मी कंपनीने सांगितलेल्या अंतराच्या अर्ध्यावरच तो बदलतो.

आता फायदा किती ते सांगतो. बाहेर तेवढेच ४२ अंश असताना चालत्या गाडीत डब्याच्या तोंडाशी ५८ ऐवजी ४६ अंश आले. हिशेबाने हवेचं वजन पावणेचार टक्के वाढलं. पुढे मॅनिफोल्डमध्ये ती पुन्हा तापतेच, म्हणून पदरात त्याहून कमी पडणार. फाटकावर उभं राहिलं की मात्र सोंड असूनही साठच्या घरात आकडा जातो, कारण उभ्या गाडीभोवती तिचीच गरम हवा घुटमळते. फाटक उघडल्यावर किलोमीटरभरात आकडा उतरतो. माहूरचा चढ गाडी अजूनही दुसऱ्याच गिअरवर चढते. एसी मात्र शेवटच्या वळणांपर्यंत चालू राहतो.

ॲव्हरेज वाढेल का, हा पुढचा प्रश्न ठरलेलाच. वाढणार नाही. साध्या चालण्यात थ्रॉटल अर्धवटच उघडा असतो. दाट हवा आली तर तुमचा पाय तेवढा कमी दाबला जातो, इतकंच. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये मुद्दाम फिल्टर चोंदवून इंजेक्शनच्या गाड्या तपासल्या. पेट्रोलच्या खपावर परिणाम जवळजवळ दिसला नाही, घटला तो वेग घेण्याचा जोर. मायलेजच्या नावाने कोणी संच विकत असेल तर पैसे खिशातच ठेवा. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांची गोष्ट थोडी वेगळी. त्यांच्यातल्या कित्येकींच्या एअर क्लीनरवर उन्हाळा-हिवाळा अशी खूणच असायची. थंडीत मॅनिफोल्डजवळची ऊबदार हवा, उन्हाळ्यात बाहेरची. अशी गाडी अजून कोणाकडे असेल तर आधी ती खूण उन्हाळ्यावर आहे का बघा. फुकटात काम होईल.

काहींनी यात पडूच नये. वॉरंटीतल्या गाडीला हात लावू नका. मिक्सरचं जुनं गॅस किट असेल तर उलटा भडका कधीकधी फिल्टरच्या डब्यापर्यंत येतो. तिथे नरसाळ्याचे प्रयोग नकोत. टर्बो डिझेलमध्ये हवा टर्बोतच तापते आणि मग इंटरकूलर तिला गार करतो. तिथे सोंडेपेक्षा इंटरकूलरच्या जाळीतला चिखल धुण्याने जास्त फरक पडतो. कायद्याचंही एक ध्यानात ठेवा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीने मुळात दिलेल्यापेक्षा वेगळा ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. आपली सोंड त्या तपशिलाला धक्का लावत नाही, पण फिल्टर काढणं, आवाज वाढवणं आणि मग पीयूसीला अडकणं ही वाट तिकडेच जाते. जे लावाल ते अर्ध्या तासात काढून गाडी मूळ रूपात आणता आली पाहिजे.

आता पाऊस. हा भाग मी सगळ्यात गंभीरपणे लिहितो आहे. आमच्याकडे जून ते सप्टेंबर नाल्यांवरचे बुटके पूल पाण्याखाली जातात आणि पैनगंगा फुगली की रस्त्यावर पाणी कुठून येईल सांगता येत नाही. हवेचं तोंड खाली असेल तर इंजिन पाणी ओढतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, आत पाणी अडतं, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून तोंड हेडलाइटच्या वरच्या कडेच्या खाली कधीही नको, आणि पाइपाच्या सगळ्यात खोलगट जागी ७-८ मिमीचं एक भोक पाडा, म्हणजे आत शिरलेले थेंब गळून जातील. डब्याच्या बुडाशी कंपनीनेच असं भोक दिलेलं असतं. घाण जाते म्हणून ते एम-सीलने बुजवणारे लोक मी पाहिले आहेत. बुजवू नका. पाण्यात गाडी बंद पडलीच तर सेल मारायचा नाही, धक्का देऊनही चालू करायची नाही. ढकलून कोरड्यात आणा, फिल्टर काढून बघा. तो ओला असेल तर प्लग काढून पाणी काढेपर्यंत इंजिन फिरवू नका. खरं तर पूल वाहत असेल तर अलीकडच्या टपरीवर चहा घ्या आणि पाणी उतरायची वाट बघा. कुठल्याही सोंडेचा उपयोग तिथे होत नाही.

मी स्वतः मृग लागला की नरसाळं काढतो आणि त्या जागी खाली तोंड केलेलं एक वळण लावतो, मात्र त्याचं तोंडही हेडलाइटच्या वरच. सोयाबीनच्या मळण्या सुरू झाल्या की पुन्हा नरसाळं येतं आणि त्याबरोबर जाळी साफ करण्याचं काम. ऑक्टोबरात जाळीवर भुसकट असतं. ते फुंकरीने जातं. कापसाचे दिवस मात्र वैताग आणतात. भरलेल्या कापसाच्या गाडीमागे दहा किलोमीटर चाललं की जाळीवर पांढरी लव जमते, तिच्यावर धूळ बसते आणि दोन आठवड्यांत त्याची गोधडीसारखी घट्ट चकती होते. नखाने एक कड उचलली की आख्खी निघून येते. डिसेंबर-जानेवारीत दर दुसऱ्या रविवारी गाडी पुसताना मी ती काढतो. ती हाताला बरीच जड लागते.